मधमाशी वास लक्षात कसा ठेवते, आणि घर का विसरते

तू विचारलेले तीन प्रश्न आधी इथं मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तू परभणीत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेस. वर्गात डोपामिन, सेरोटोनिन ही शिकण्याची रसायनं म्हणून सांगितली, तर मग रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं ते रसायन पकडणारं प्रथिन, नेमकं काय करतो, हा पहिला प्रश्न. हीच रसायनं माणसातही आहेत आणि माशीतही, तरी दोघांच्या शिकण्यात एवढा फरक का, हा दुसरा. तिसरा तू शेवटी जरा संकोचानं लिहिलास: आबांनी डाळिंबाच्या मृग बहाराला मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणल्या, शेजारच्या कपाशीवर इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक फवारलं, पेटीसमोर मेलेल्या माश्या फारशा दिसल्या नाहीत, पण आठवड्याभरात पेट्या हलक्या झाल्या. याचा रिसेप्टरशी काही संबंध असेल का?

असू शकतो, आणि संकोच करू नकोस. तिन्हींत हाच प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातली वीस वर्षं मधमाशीच्या वासाच्या स्मृतीवर काम केलं. उत्तर लांबणार आहे.

मी लहान असताना आमच्या गावात कालव्याला पाणी सुटायच्या आदल्या संध्याकाळी हलगी वाजवत दवंडी फिरायची. ‘उद्या पहाटे डाव्या कालव्याला पाणी सुटणार हो!’ वाक्य एकच. ज्याचा ऊस उभा आहे तो फावडं घेऊन दारं धरायच्या तयारीला लागायचा. ज्याची मेंढरं कालव्याच्या पोटात बसलेली, तो धावत जाऊन ती वर काढायचा. भोई जाळं उसवलंय का ते बघायचा. आणि ज्याचं रान माळावर, कोरडवाहू, तो कूस बदलून झोपायचा. दवंडीत ‘तू जाळं नीट कर’ असं काही नव्हतं. ते ऐकणाऱ्याच्या परिस्थितीत होतं.

न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे चेतापेशी एकमेकींना धाडतात ते रसायन, ही दवंडी आहे. रिसेप्टर हा ऐकणारा. डोपामिनच्या रेणूत ‘हे शिक’ किंवा ‘हे टाळ’ असं काही लिहिलेलं नसतं. चेतापेशीच्या पडद्यावर कोणता रिसेप्टर बसलाय, किती संख्येनं बसलाय, आणि त्याच घटकेला त्या पेशीत आणखी काय चाललंय, यावर दवंडीचा अर्थ ठरतो. शिकण्याच्या अभ्यासात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच, आणि पाठ्यपुस्तकांत रसायनांच्या नावांखाली ती दबून जाते.

रिसेप्टरच्या दोन मोठ्या जाती तुला माहीत असतील. एक, जो स्वतःच दार असतो: रसायन बसलं की दार उघडतं, आयन आत किंवा बाहेर जातात, हजारांश सेकंदांत काम संपतं. दुसरा, जो पेशीच्या आतल्या जी-प्रोटीन नावाच्या प्रथिनाला हलवतो. मग सायक्लिक एएमपीसारखा निरोप्या पेशीभर फिरतो आणि परिणाम सेकंद, मिनिटं, कधी दिवस टिकतो. पहिल्या जातीनं जग कळतं. जे कळलं त्यातलं काय ठेवायचं, हे बहुतेक वेळा दुसरी जात ठरवते. दोघांची गाठ पडते तिथं शिकणं घडतं, आणि ती गाठ साध्या प्राण्यांत उघड्या डोळ्यांनी दिसावी इतकी स्वच्छ दिसते.

अप्लिसिया या समुद्री गोगलगायीपासून सुरू करू. एरिक कँडेल यांना २००० सालचं नोबेल या प्राण्यावरच्या कामासाठी मिळालं. अर्विड कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड त्यांचे सहमानकरी. तिच्या मज्जासंस्थेत जेमतेम २० हजार चेतापेशी, आणि काही तर १ मिलिमीटरपर्यंत मोठ्या. तिच्या अंगावरच्या पाणी सोडायच्या नळीला हळूच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. शेपटीला विजेचा झटका दिला तर त्यानंतर साध्या स्पर्शालाही ती कल्ला जोरात ओढते. म्हणजे धसका घेते.

झटक्यानं काही चेतापेशी सेरोटोनिन सोडतात. स्पर्श जाणणाऱ्या पेशीच्या टोकावर सेरोटोनिनचा रिसेप्टर असतो, तो दुसऱ्या जातीचा. तो जागा झाला की आत सायक्लिक एएमपी वाढतं, त्यानं प्रोटीन कायनेज ए हे विकर जागं होतं, ते पोटॅशियमची काही दारं बंद करतं. पोटॅशियम बाहेर पडायला अडथळा आला की विजेचा स्पंद जरा लांबतो, कॅल्शियम जास्त वेळ आत येतं आणि पेशी पुढच्या पेशीवर ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन जास्त ओतते. स्पर्श तोच, निरोप मोठा.

याच पेशीवर एफएमआरएफ-अमाइड नावाच्या छोट्या पेप्टाइडचाही रिसेप्टर असतो. तो नेमकी हीच पोटॅशियमची दारं उघडतो आणि निरोप बारीक करतो. एकच पेशी, एकच दार, दोन रिसेप्टर, दोन उलट हुकूम. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा मुलांचे चेहरे उजळायचे.

आता खरी मौज. ताटलीत वाढवलेल्या या पेशींवर सेरोटोनिन एकदा दिलं तर परिणाम काही मिनिटांत ओसरतो. तेच मध्ये खंड ठेवून पाच वेळा दिलं तर २४ तासांनंतरही टिकतो. पाचव्या खेपेपर्यंत प्रोटीन कायनेज ए पेशीच्या केंद्रकात पोचलेलं असतं, तिथं क्रेब हे प्रथिन जनुकं चालू करतं आणि पेशी नवी चेताटोकं उगवते. जिवंत गोगलगायीला काही दिवस असं शिकवलं तर या टोकांची संख्या जवळपास दुप्पट होते. आपली आजी पाढे रोज थोडे थोडे म्हणून घ्यायची, एका बैठकीत सगळे नाही. त्या शहाणपणाचा रासायनिक पाया रिसेप्टरवर पडणाऱ्या थापांमधल्या खंडात आहे.

सी. एलिगन्स हा कृमी याहून साधा. लांबी १ मिलिमीटर, उभयलिंगी कृमीत चेतापेशी मोजून ३०२. कुजक्या फळांत राहतो. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये त्याचं जनुकशास्त्र मांडलं आणि १९८६ मध्ये त्याच्या मज्जासंस्थेचा पूर्ण नकाशा छापला गेला. बशीला टिचकी मारली की तो मागं सरकतो. पुन्हा पुन्हा टिचक्या मारल्या की सरकणं कमी होत जातं. कॅथरीन रँकिन यांनी १९९० मध्ये हे नीट दाखवलं. टिचक्यांचे संच मध्ये विश्रांती देऊन दिले तर तो दुसऱ्या दिवशीही ‘यात काही धोका नाही’ हे लक्षात ठेवतो. आणि ही आठवण कुठं साठते? पुढच्या पेशींवर जीएलआर-१ नावाचा ग्लुटामेटचा रिसेप्टर असतो. हिरवा चमकणारा टॅग लावून पाहिलं, तर शिकलेल्या कृमीत त्या रिसेप्टरचे ठिपके कमी झालेले दिसतात. कृमी जे शिकला त्याची खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, आणि ती खूण म्हणजे ऐकणाऱ्यांची घटलेली संख्या.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच कृमीत सापडतं. तो एका रोगकारक जिवाणूवर आधी खुशाल चरतो. काही तासांत आजारी पडतो आणि मग त्या वासापासून दूर राहायला शिकतो. २००५ मध्ये दिसलं की या शिकण्याला सेरोटोनिन लागतं आणि त्याचा मॉड-१ हा रिसेप्टर लागतो. मॉड-१ हे क्लोराइडचं दार आहे. सेरोटोनिन बसलं की पेशी शांत होते. माणसात असा रिसेप्टरच नाही. आपल्याकडे सेरोटोनिनचं एकच थेट दार आहे आणि ते पेशीला चेतवतं. बाकीचे सगळे जी-प्रोटीनवाले. रेणू तोच, पण त्या पेशीला कृमीत ‘गप्प बस’ ऐकू येतं. रेणू जुने आहेत, कोट्यवधी वर्षांपासून चालत आलेत. उत्क्रांतीनं जास्त खेळ केला तो ऐकणाऱ्यांशी.

याचा पुरावा तुमच्या गोठ्यातही आहे. उस्मानाबादी शेळ्यांना जंतासाठी आयव्हरमेक्टिन देतात. ते ग्लुटामेटनं उघडणाऱ्या क्लोराइडच्या दारांना जखडून टाकतं. ही दारं जंतात आहेत, शेळीत नाहीत, म्हणून जंत लुळा पडतो आणि शेळी चरत राहते. या औषधाच्या शोधासाठी २०१५ मध्ये विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना नोबेलचा वाटा मिळाला. लेव्हामिसोल जंताच्या स्नायूवरच्या ॲसिटिलकोलिन रिसेप्टरवर बसतं. गोचिडांसाठी वापरतात ते अमित्राझ ऑक्टोपामिन या त्यांच्या चेतारसायनाच्या रिसेप्टरवर. आपण शेतात आणि गोठ्यात रोज रिसेप्टरचं शास्त्र फवारतो आणि पाजतो, फक्त त्याला ते नाव देत नाही.

आणखी एक उदाहरण ओघात सांगतो, कारण ते मला फार हलवून गेलं होतं. गोड्या पाण्यातला क्रेफिश हा आपल्या खेकड्याचा नातलग. त्याची शेपटी झटकून पळण्याची एक ठरलेली चेतासाखळी असते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की त्या साखळीवर सेरोटोनिन सोडलं तर वरचढ ठरलेल्या क्रेफिशमध्ये ती अधिक तल्लख होते, आणि हरून दबून राहणाऱ्यात मंदावते. रसायन तेच, साखळी तीच. फरक पडला तो आयुष्यात काय सोसलं यानं, आणि त्याचं स्पष्टीकरण रिसेप्टरांच्या बदललेल्या मिश्रणात शोधलं गेलं. म्हणजे अनुभव रिसेप्टर बदलतो आणि रिसेप्टर पुढचा अनुभव बदलतो.

आता फळमाशी. पिकल्या केळ्यावर घोंघावते तीच ड्रोसोफिला. तिच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला: सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी. त्यात प्रत्येक बाजूला मशरूम बॉडी नावाचा अळिंबीच्या आकाराचा भाग, त्यात साधारण २ हजार केनियन पेशी. कुठलाही एक वास आला की यातल्या थोड्याच पेशी पेटतात. कोणत्या पेटल्या, ती त्या वासाची सही.

सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत १९७६ मध्ये वास आणि झटका यांची सांगड घालू न शकणारी माशी सापडली. तिचं नाव डन्स ठेवलं, म्हणजे मठ्ठ. पुढं रुटाबागा सापडली. दोन्ही शिकत नाहीत, पण कारणं उलटी आहेत. रुटाबागामध्ये सायक्लिक एएमपी बनवणारं विकर बिघडलेलं, म्हणून ते कमी पडतं. डन्समध्ये ते मोडणारं विकर बिघडलेलं, म्हणून ते साचून राहतं. आपल्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. पावसानं ओढ दिली तरी सोयाबीन जातं, आणि काढणीच्या वेळी झड लागली तरी जातं. पाणी हवं, पण वेळेवर आणि बेतानं.

रुटाबागाचं विकर हे शिकण्याचं खरं जोडठिकाण. वास आला की केनियन पेशीवरचे निकोटिनिक ॲसिटिलकोलिन रिसेप्टर (पहिल्या जातीचे, स्वतःच दार असलेले) उघडतात, पेशी पेटते, कॅल्शियम आत येतं. झटका बसला की डोपामिनच्या पेशी डोपामिन सोडतात आणि केनियन पेशीवरचा डॉप१आर१ हा रिसेप्टर जागा होतो. नुसता वास आला, तर विकर थोडंच चालतं. नुसता झटका बसला, तरी थोडंच. दोन्ही एकाच पेशीत, एकाच सुमारास आले तर विकर जोरात चालतं, सायक्लिक एएमपी उसळतं, आणि त्या पेशीची पुढच्या पेशीशी असलेली जोड बदलते. डोपामिन मशरूम बॉडीच्या एका पट्ट्यातल्या सगळ्याच पेशींवर सांडतं. पण त्या घटकेला ज्या मोजक्या पेशी वासानं पेटलेल्या होत्या, त्यांच्याच जोडात फरक पडतो. म्हणून माशी तोच वास शिकते, जगातले सगळे वास नाही. २००७ मध्ये दाखवलं गेलं की डॉप१आर१ नसलेली माशी शिक्षाही शिकत नाही आणि बक्षीसही नाही. तो फक्त मशरूम बॉडीत परत बसवला तर शिकणं परत येतं.

मग विसरणं? २०१२ मध्ये रोनाल्ड डेव्हिस यांच्या गटानं दाखवलं की शिकून झाल्यावरही त्याच डोपामिन पेशी हळूहळू स्रवत राहतात आणि डॉप१आर२ या दुसऱ्या रिसेप्टरमार्फत ती आठवण पुसतात. हा रिसेप्टर नसलेली माशी शिकते व्यवस्थित, फक्त विसरायला वेळ लावते. पेशी तीच, डोपामिन तेच. एक रिसेप्टर लिहितो, दुसरा खोडतो.

वेळेचाही खेळ आहे. आधी वास, मग झटका, असं झालं तर माशी त्या वासापासून पळते. आधी झटका, आणि तो सरल्यावर वास, असं झालं तर ती त्या वासाकडे जाते, कारण तिच्या लेखी तो सुटकेचा वास. २०१९ मधल्या कामात दिसलं की क्रम सुलटा असला की डॉप१आर१ मार्फत सायक्लिक एएमपी वाढतं, आणि उलटा असला की डॉप१आर२ मार्फत पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. काही सेकंदांचा मागचा-पुढचा क्रम, आणि त्याचा निवाडा दोन रिसेप्टर मिळून करतात. मला या विषयात यापेक्षा सुंदर काही माहीत नाही.

आता माझ्या माश्या. तुलाही करता येईल असा प्रयोग आहे, म्हणून नीट सांगतो. सकाळी पेटीतून बाहेर पडणाऱ्या माश्या काचेच्या छोट्या बाटलीत धरायच्या आणि बाटली दोन-तीन मिनिटं बर्फात ठेवायची. माशी सुस्तावते. शीतपेयाची प्लास्टिकची नळी बोटाच्या पेराएवढी कापून तिच्यात माशी उभी ठेवायची, डोकं तेवढं बाहेर, मानेमागून चिकटपट्टीची बारीक पट्टी. शुद्धीवर येताना आधी मिशा हलतात, मग पुढचे पाय नळीच्या काठावर येतात. दोन तास उपाशी ठेवायची. मग सिरिंजमध्ये अत्तराचा कागदी तुकडा घालून चार सेकंद तिच्यावर हवा सोडायची आणि तिसऱ्या सेकंदाला दातकोरणीनं साखरपाणी मिशीला लावायचं. लालसर, चकचकीत सोंड उलगडून बाहेर येते. थोडं चाटू द्यायचं. दहा मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्या खेपेपर्यंत बऱ्याच माश्या साखर न लावता, नुसत्या वासालाच सोंड काढतात.

पहिल्या वर्षी आमच्या माश्या मध्येच, वास न सोडताही सोंड काढायच्या आणि आकडे हाती लागायचे नाहीत. कारण शोधायला आठ दिवस गेले. आम्ही मोगऱ्याचं अत्तर वापरत होतो, आणि नोंदी घेणारी विद्यार्थिनी रोज मोगऱ्याचा गजरा घालून यायची. ती स्टँडवर वाकली की ओळीनं सगळ्या नळ्यांतून सोंडा बाहेर. त्या माश्या तिचा गजरा ओळखत होत्या. ते पाहिलं त्या दिवशी ‘साधा प्राणी’ हा शब्द मी जपून वापरायला लागलो.

साखरेच्या गोडीची बातमी मेंदूत पोचवणारी एक पेशी मार्टिन हामर यांनी १९९३ मध्ये दाखवली. वास देऊन साखरेऐवजी नुसती ती एक पेशी विजेनं चेतवली तरी माशी तो वास शिकली. ती पेशी ऑक्टोपामिन सोडते, आपल्या नॉरॲड्रेनॅलिनचं कीटकांतलं भावंड. साखरेची जागा ऑक्टोपामिननं भरून निघते, आणि त्याचा रिसेप्टर दाबला की शिकणं ढासळतं.

राणीमाशीचं ऐक. तिच्या जबड्याच्या गंधद्रव्यात होमोव्हॅनिलिल अल्कोहोल असतं. त्याची घडण डोपामिनसारखी, आणि ते कामकऱ्यांच्या डोपामिन रिसेप्टरशी लगट करतं. २००७ मध्ये दाखवलं गेलं की या गंधात वाढलेल्या तरुण कामकरी माश्या वास आणि विजेचा झटका यांची सांगड घालायला शिकत नाहीत. साखरेची सांगड मात्र बरोबर घालतात. राणीभोवती राबणाऱ्या लेकींना राणीचा तिटकारा शिकताच येऊ नये, अशी ही रिसेप्टरवरची व्यवस्था असावी असा अर्थ संशोधकांनी काढला. मलाही तो पटतो.

झाडंही हे करतात. कॉफीच्या आणि लिंबूवर्गीय फुलांच्या मधुरसात कॅफिन असतं; जालन्याच्या मोसंबीचं कूळ तेच. जेराल्डिन राइट यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं की एवढ्याशा कॅफिननं मधमाशीला तो वास २४ तासांनंतर आठवण्याची शक्यता तिप्पट होते. कॅफिन ॲडिनोसिनच्या रिसेप्टरवर बसून केनियन पेशींचा प्रतिसाद वाढवतं. झाड माशीच्या स्मृतीला हात देतं, म्हणजे माशी परत त्याच झाडाकडे येते.

आणि आता आबांच्या पेट्या.

आपल्या शरीरात स्नायूंना चेतवायला ॲसिटिलकोलिन आणि मेंदूत मुख्यतः ग्लुटामेट. कीटकात उलट: स्नायूंना ग्लुटामेट, मेंदूत मुख्यतः ॲसिटिलकोलिन. फुलाचा वास मशरूम बॉडीत पोचतो तो निकोटिनिक रिसेप्टरमधूनच, हे वर सांगितलं. इमिडाक्लोप्रिड, थायोमेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही एकाच गटातली कीटकनाशकं सगळी याच रिसेप्टरवर बसतात. ॲसिटिलकोलिन बसलं की लगेच त्याला तोडणारं विकर तयार असतं. या औषधांना ते विकर तोडू शकत नाही. रिसेप्टर आधी उगाच उघडा राहतो, मग बधिर होतो. २०१३ मध्ये मधमाशीच्या केनियन पेशींवर मोजून दाखवलं गेलं की इमिडाक्लोप्रिडनं त्या आधी चेततात आणि नंतर स्पंद द्यायच्याच थांबतात. म्हणजे जिथं वास आणि बक्षीस यांची गाठ पडते, तीच जागा मुकी होते.

मात्रा थोडी असली तर माशी मरत नाही. उडते, फुलावर बसतेसुद्धा. पण पेटीपासून कोणता बांध, कोणतं लिंबाचं झाड, कुठं वळायचं, ही उजळणी तिला करता येत नाही. फ्रान्समध्ये २०१२ साली माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म रेडिओ टॅग चिकटवून हे पाहिलं: थायोमेथोक्झामची न मारणारी मात्रा पाजलेल्या माश्या न पाजलेल्यांपेक्षा खूप कमी परतल्या. एकटी मधमाशी पेटीबाहेर फार काळ तगत नाही. आबांना प्रेतं दिसली नाहीत, ती कदाचित पेटीसमोर नव्हतीच म्हणून. शिवारभर विखुरलेली असतील. युरोपीय संघानं २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायोमेथोक्झाम यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, त्यामागं मधमाश्यांना असलेला हाच धोका होता.

‘पण कपाशीला अजून फूल कुठं होतं?’ असं शेजारी म्हणतील. फुलाची गरज नाही. पऱ्हाटीचं पान उलटं करून मधल्या शिरेवर बघ. एक बारीक खळगा दिसेल, त्यातून गोड रस झरतो आणि माश्या तो चाटतात. ही औषधं झाडात भिनणारी आहेत. सरकीला ती पाकिटातच लावून येतात, वरून मावा-तुडतुड्यांसाठी फवारणी होते ती निराळी.

शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही. तुडतुड्यांनी पान लाल पडून मुरडायला लागलं की माणूस हाताला येईल ते फवारतो, आणि औषध विकणाऱ्यानं त्याला माशीचं काही सांगितलेलं नसतं. आबांनी त्याच्याकडे जाऊन बसावं. फवारणी सूर्य कलल्यावर, माश्या घरी परतल्यावर करावी. बांधावर तण फुलावर असेल तर ते आधी कापावं. दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवणं थांबवावं. फवारणीचा दिवस आदल्या दिवशी कळला तर पेट्या रात्री हलवता येतात, पण हलवायच्या तर तीन-चार किलोमीटर तरी लांब, नाहीतर माश्या जुन्या जागीच परत जाऊन घोटाळतात. आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगतो: संध्याकाळची फवारणी अंगावर औषध पडण्यापासून वाचवते, झाडात भिनलेल्यापासून नाही. बहार धरलेल्या बागेशेजारी या गटातलं औषध त्या महिन्यात नकोच.

तरीही आत्ताच इमिडाक्लोप्रिडवर बोट ठेवू नकोस. आधी पेटी उघड. राणी आहे, अंडी-अळ्या आहेत, झाकलेली पिल्लं आहेत, अंगावर लव असलेल्या तरुण माश्या आहेत, पण बाहेर जाणाऱ्या झिजल्या पंखांच्या माश्या नाहीत, असं चित्र असेल तर कमावत्या माश्या बाहेरच हरवल्या. राणीसकट सगळंच गेलं असेल तर वसाहत फरार झाली, त्याला उष्णता, मुंग्या, मेणकिडा अशी दुसरी कारणं असतात. तळाच्या फळीवर लालसर तपकिरी माइट दिसले तर तो व्हरोआ, मधमाश्यांवर जगणारा परजीवी. दाराशी सोंड बाहेर काढून मेलेल्या माश्यांचा ढीग असता तर ती सरळ विषबाधा, पण तसं नव्हतं असं तू लिहिलंयस. सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान दाराशी पाच मिनिटं बसून किती माश्या पराग घेऊन आत येतात ते मोज. असं लागोपाठ तीन दिवस कर, आकडे आणि चौकटींचे फोटो मला पाठव. जानेवारीत करडई फुलली की तुमच्याच पेट्यांवर सोंडेचा प्रयोग लावू. नळ्या आणि दातकोरण्या तू आण, अत्तर मी आणतो. या वेळी लवंगेचं.